कन्हानमधलं पांढरं जहाज

माझ्या नाकावर राग असते, असं आमचे हे म्हणतात. असंन. पण चार लोकासमोर कोणी माझ्या नवऱ्याले गोऱ्याईचा एजंट म्हटलं, तं मी काय त्याले ओवाळू? त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या पंचायत निवडणुकीची गोष्ट आहे. बोरगावात लोक ते अजूनबी उलटीच सांगतात. म्हणून म्हणते, एकडाव माझ्या तोंडून आयका.

आमी भैय्याजीच्या संत्र्याच्या बागेत रखवालीले होतो. बागेतच एक खोली, दारात माझा मोगरा, पोरगी सौंसरच्या शाळेत. आमचे हे, वामन म्हणत त्यायले सारे, त्यायचा जीव एका जुन्या रेडिओत. तो रेडिओ हे फांदीले टांगून ठेवत. माणसाचा आवाज असला का राघू अन् माकडं फळाजवळ येत नाईत, ही आमच्याकडची पद्धत. दुपारी आकाशवाणी बंद झाली का हे काटा फिरवून कोणतंबी दूरचं स्टेशन लावून देत. कधी चिनी, कधी अरबी, कधी कोण्या देशाची बाई गाणं म्हणून राहिली. समजत कोणालेच नोतं. माकडाईले समजायची गरजबी नोती.

पण दुपारी त्या बागेत काय होत होतं, बाप्पा, सांगता येत नाई. पानातून ऊन खाली गळे, पिकल्या संत्र्याचा वास असा दाटे का डोळे जड होत. अन् तो आवाज. जवळ येई, दूर जाई, मधीच पाण्यात बुडाल्यावानी होई. फळ तोडता तोडता आमचा हात वरच राहून जाई. मले वाटे, आपण बोरगावात नाई, कोण्या तळ्याच्या पाण्याखाली आहो, अन् वरून कोणी तरी आपल्याले हाका मारून राहिलं. पोटात गोड भेव वाटे. कोणी नाव घेतलं का दचकून जागे होऊ.

रेडिओ टांगलेल्या त्याच झाडाखाली भैय्याजीची माय, केसरबाई, खाट टाकून पडे. सारं गाव तिले मायच म्हणे. तिचा नवरा दम्यानं खोकून खोकून गेला, त्याले लई वर्षं झाली होती. घरात डोळ्याले डोळा लागत नाई म्हणे, रेडिओखाली लागते.

त्या साली भैय्याजी सरपंचाले उभा होता. समोर पुंडलिकराव. निवडणूक तोंडावर आली अन् एका दुपारी माय खाटेवर ताडकन उठून बसली. रेडिओ तिच्या डोक्यावर कोणत्या तरी भाषेत गुणगुणून राहिला होता.

"वत्सले, आयकलं काय? रेडिओवाला सांगून राहिला. रामाकोन्याजवळ कन्हानमंदी पांढरं जहाज आलं. गोरे लोक संत्र्याचे झाडं मुळासकट जहाजात चढवून राहिले. अन् आपला भैय्या काठावर उभा राहून सह्या करून राहिला!"

मी खळखळून हासली. त्या दिवसात कन्हान नदीत म्हशीचं पोट भिजत नाई, जहाज कुठून येईन? पण मायचं तोंड पाहून हासू थांबलं. तिच्या डोळ्यात पाणी होतं, अन् ते खुश होती. मले तवा काई उमगलं नाई.

आमच्यासंगं फळ तोडाले पुष्पा येत होती. तिच्या तोंडात तीळ भिजत नोता. संध्याकाळी ते गेली सौंसरले. बाजारात जहाज कोणाले पटलं नाई, तं लोकाईनं जहाज काढून टाकलं अन् विदेशी कंपनी घातली. भैय्याजी सरपंच झाला का बोरगावच्या साऱ्या बागा कंपनीले देणार, खुद्द विदेशी रेडिओनं सांगतलं! पांढुर्ण्याले पोचेपोचेस्तोवर झाडाचा भावबी ठरला होता. पुंडलिकरावानं काई केलं नाई. कोणी इचारलं तं मान हालवे अन् म्हणे, "रेडिओ कायले खोटं बोलंन?" झालं. ज्याची एक ओळ संत्र्याची, त्याचंबी मत फिरलं.

भैय्याजी पडला.

त्या काळात भाषणात एक शब्द लई चाले, विदेशी हात. काई बिघडलं का विदेशी हात. भैय्याजीनंबी तोच धरला. दुसऱ्या दिवशी अर्धं गाव घेऊन बागेत आला अन् टांगलेल्या रेडिओकडं बोट करून म्हणाला, "हा पाहा तो हात!"

मंग आमच्या यायले म्हणाला, "वामन, कबूल कर. विदेशी रेडिओनं माझी बदनामी केली अन् तुह्या कानानं तू आयकली, एवढं चार लोकासमोर सांग. मी अर्ज करतो, निवडणूक रद्द होते. तू खुशाल बागेत राहा. नाई तं उद्या खोली खाली कर."

मी यायले मागून चिमटा काढला. "अजी, म्हणून टाका ना! रेडिओ काय कोर्टात येणार आहे?"

"रेडिओ तसं बोललाच नाई, वत्सला. मी कसं म्हणू?"

"रेडिओचा एवढा पुळका! बायकोचा नाई, पोरीचा नाई!" माझं डोकं असं फिरलं का काय सांगू. पोरीची शाळा सुटंन, डोक्यावरचं छप्पर जाईन, अन् हा माणूस एका पेटीची इज्जत राखून राहिला! पण हे हालले नाईत.

सकाळी गावातल्या श्रावणची बैलगाडी मागून आणली. पेटी चढली, भांडे चढले. बाबासाहेबाचा फोटो अन् रेडिओ मी मांडीवर घेतले. गाव जमलंच होतं, फुकटचा तमाशा कोण सोडते? कोणी मागून 'एजंट' म्हटलं. मी त्याले अशा शिव्या घातल्या का आमचेच हे लाजले.

तेवढ्यात झाडाखालून माय उठून आली.

"भैय्या, थांब. तो रेडिओ नोता रे. मले सपन पडलं होतं."

"माय, तू गप बस. रेडिओनं सांगतलं, असं तूच म्हणत होती."

"म्हणत होती. पण एक गोष्ट मी कोणाले सांगतली नाई. त्या जहाजावर तुहा बाप होता. उघड्या अंगानं झाडं चढवून राहिला होता. रेडिओवाल्याले तुहा बाप कुठून दिसंन?"

भैय्याजी म्हणाला, "मंग तवाच काहून नाई बोलली? माही निवडणूक गेली!"

माय म्हणाली, "सपन म्हटलं का तो गेला, भैय्या. बातमी म्हटलं तं कुठीतरी असंन ना रे तो. मी आपली बातमीच धरून बसली."

माझा सारा राग कुठी गेला, माहीत नाई. गाडीतून उतरून तिले पोटाशी धरावं वाटलं.

अन् त्या गर्दीतून देवीदास काय बोलला आयका. "पाह्यलं? म्हातारीच्या सपनातबी विदेशी हात घुसला!" कोणी हासलं नाई हो! माना हालल्या. तेच आजबी सांगतात.

भैय्याजीचं तोंड लाल झालं. तो आमच्या यायले म्हणाला, "काय पाहून राहिला? हाक गाडी."

मायले बागेतून काढता येत नाई, आमाले काढता येते. दोष कोणाचा, हे तिथीच ठरलं.

भैय्याजीचं 'हाक गाडी' मायनंबी आयकलं. खाटेवरची उशी उचलली, गाडीत टाकली अन् चाकावर पाय देऊन वर चढली. माझ्या बाजूले येऊन बसली.

"माय, उतर," भैय्याजी म्हणाला.

"ज्यानं सांगतलं त्यानं जावं. हाक रे वामन."

यायनं कासरा हातात घेतला, पण हाकलं नाई. भैय्याजीनं बैलाची वेसण धरून ठेवली होती. रेडिओ बंद होता, तरी राघू अजून आले नोते. त्या उन्हात मले पुन्हा तसंच वाटलं, आपण पाण्याखाली आहो, अन् वरून काई तरी सरकत चाललं आहे, पांढरं, मोठं, आवाज न करता.

मंग भैय्याजी गाडीच्या जवळ आला. लोकाईले आयकू जाऊ नये असा बोलला, पण मले आयकू आलं.

"माय, बाबा कसे दिसत होते?"

"चांगला दिसत होता," माय म्हणाली. "खोकत नोता."

मंग भैय्याजी खाली वाकला, आपल्या हातानं जोतं सोडलं अन् बैल गाडीतून मोकळे केले.