घर बघून ठरवलेली फी

तुम्ही भित्रे आहात. शाळेच्या वाटणी समितीच्या खुर्च्यांवर बसणारे सगळेच्या सगळे. ज्याची ऐपत मोजायची त्याच्यासमोर बसून त्याला विचारायची तुमची छाती झाली नाही, म्हणून तुम्ही त्याच्या घरी चोरपावलांनी पाहुणा धाडलात. आणि त्याला नाव दिलंत न्याय.

तुमचा नियम कागदावर देखणा आहे. शाळेचा वर्षाचा खर्च ठरलेला. तो सगळ्या घरांत वाटायचा, पण सारखा नाही, ज्याची जेवढी ऐपत तेवढा त्याचा वाटा. एकाचा कमी झाला की तेवढा दुसऱ्याच्या डोक्यावर. इथवर कोणाची तक्रार नव्हती. मग लोक अर्जात खोटं लिहितात असा तुम्हाला संशय आला आणि तुम्ही एक पोटनियम जोडलात. दर वर्षी प्रत्येक घर दुसऱ्या एखाद्या पालकाने काहीतरी निमित्त काढून, न सांगता बघून यायचं आणि पत्रक भरायचं. कोण कोणाचं घर बघणार, ते गुप्त.

पडदेवालीच्या हातात समितीचं पत्र पडलं तेव्हा ती शिलाई मशीनवर बसली होती. लोकांच्या खिडक्यांची मापं घ्यायची, पडदे शिवायचे, स्टुलावर चढून ते टांगून द्यायचे, हा तिचा धंदा. नवरा कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर साचे पाठवत आणि तो मागच्या खोलीत मेण आणि गुलाबी प्लास्टिक घेऊन लोकांच्या हिरड्या घडवत बसे. "लोक म्हणतात दात कोरून पोट भरत नाही. माझं भरतं," हा त्याचा ठरलेला विनोद. त्या दिवशी त्याने तो केला नाही.

पत्रात दोनच गोष्टी होत्या. या महिन्यात तुमचं घर पाहिलं जाईल. आणि या महिन्यात तुम्ही नर्सबाईंचं घर पाहून यावं.

नर्सबाईंची मुलगी ठकीच्या बाकावर बसायची. ठकी ही पडदेवालीची एकुलती एक, नऊ वर्षांची. आधीच्या शाळेत ती दोन वर्षं बोललीच नव्हती. बोलायला गेली की शब्द अडकायचा, वर्ग खिदळायचा, शेवटी पोरीने तोंडच मिटून घेतलं. इतकं की घरातसुद्धा तहान लागली की पेल्याकडे बोट दाखवायची. या शाळेत वर्गात बारा मुलं आणि शब्द पुरा होईपर्यंत थांबणाऱ्या बाई. सहा महिन्यांत ठकी बोलायला लागली आणि मग थांबायचं नाव घेईना. "धरण फुटलंय," बाप म्हणायचा आणि काम बाजूला ठेवून ऐकत बसायचा.

पूर्ण फीचा वाटा अंगावर आला तर तिला तिथून काढावं लागणार होतं. दोघांनाही ते ठाऊक होतं आणि दोघंही ते बोलून दाखवत नव्हते.

"अहो, ते नवीन मशीन," पडदेवाली म्हणाली.

"हप्त्यांवरचं आहे. बघणाऱ्याला तसं सांगू."

"बघणारा कोण ते कळलं तर सांगाल ना? तो काय कपाळावर लिहून येणारेय?"

"मग म्हणणं काय तुझं?"

"शेजारच्या काकूंकडे ठेवू. महिनाभर."

"आपण चोरी केलीय का?"

"नाही. पण ते मशीन चोरी केल्यासारखं चकचकतंय."

मशीन शेजारी गेलं. पाठोपाठ एका गिऱ्हाइकाचे मखमली पडदे पलंगाखाली गेले, कारण मखमल कोणाची आहे हे मखमलीवर लिहिलेलं नसतं. बहिणीने दिलेला काचेचा दिवा माळ्यावर गेला. मग ठकीला समोर बसवलं.

"घरी कोणी आलं की नवीन मशीनचं नाव काढायचं नाही."

"को-कोणासमोर नाही?"

"कोणासमोरच नाही."

आणि मग माणसं यायला लागली. म्हणजे नेहमी यायची तीच, पण आता प्रत्येकाबरोबर दोन जादा डोळे येत होते. मीटर वाचणारा आला, तो छताकडे दोनदा बघून गेला. ठकीच्या वर्गातल्या एका पोराची मावशी पाणी प्यायला थांबली आणि पेला खाली ठेवताना त्याचा तळ बघून ठेवला. कवळी टोचते म्हणून एक म्हातारे गृहस्थ डॉक्टरांना डावलून थेट घरीच आले, अर्धा तास बसले.

"त्यांच्या तोंडात एक दात नाही, ते कसले हेर?" नवरा म्हणाला.

"दात नाहीत, डोळे आहेत. नातू कुठल्या शाळेत जातो, विचारलंत?"

त्याने विचारलं नव्हतं. त्यानंतर त्याच्या हातातली कानस घासता घासता मध्येच थांबायला लागली. दाराची कडी वाजली की दोघं आधी एकमेकांकडे बघत आणि मग खोलीभर नजर फिरवत, घर जणू आपलं नव्हेच, कोणाकडून मागून आणलंय.

तिसऱ्या आठवड्यात ठकीच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील आले. उंच माणूस, बूट दाराबाहेर नीट जुळवून ठेवणारा. ठकीची वही चुकून आमच्याकडे आली, ती द्यायला आलो, म्हणाले. पडदेवालीने चहा ठेवला. वही द्यायला कोणी स्वतः येतं का? शाळेत नसती देता आली? हे सगळं ती मनात म्हणत होती आणि तोंडाने साखर किती विचारत होती. तेवढ्यात ठकी आतून आली, पाहुण्यासमोर उभी राहिली आणि कोणी काही विचारलेलं नसताना म्हणाली, "आमच्याकडे नवीन मशीन नाहीये."

पाहुणे तिच्याकडे बघत राहिले. "बरं," म्हणाले. चहा संपवला, बूट घातले, गेले.

पडदेवालीला खुर्चीवरून उठवेना. पोर खोटं बोलली म्हणून नाही. एकही शब्द न अडखळता बोलली म्हणून.

"किती वेळा म्हणून बघितलंस गं हे?"

"खूप," ठकी म्हणाली.

महिना संपायला पाच दिवस होते. दुसऱ्याचं घर बघण्याचं आपलं काम अजून राहिलंय, या धास्तीने पडदेवाली रविवारी सकाळी माप घ्यायची पट्टी पर्समध्ये टाकून निघाली. चांगलं कापड शिल्लक आहे, स्वस्तात पडदे करून देईन, असं निमित्त तिने वाटेत जुळवलं.

नर्सबाईंनी दार उघडलं, आणि चेहऱ्यावरचा रंग उडाला तो तिला दिसला.

"पडदे?" त्या म्हणाल्या. "हो. या. बघा ना."

खोली रिकामी-रिकामी होती. सतरंजीवर टेबलाच्या चार पायांचे चार खड्डे, टेबल नाही. भिंतीवर एक फिकट चौकोन, त्यावरची वस्तू नाही. आणि पडदा. पडदा उन्हाने सगळा विटला होता, फक्त एका कडेला वरपासून खालपर्यंत एक पट्टा मूळच्या रंगाचा राहिला होता. तेवढी कड उंच कपाटामागे भिंतीशी दबून राहिली होती, वर्षानुवर्षं, आणि अगदी परवापरवापर्यंत. दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. पडदेवालीचा जन्म पडदे वाचण्यात गेला होता.

हे लिहिलं तर यांचा वाटा वाढेल, आणि यांचा वाढला तर आपला उतरेल. हा विचार तिने बोलावला नव्हता. तो आपला आपण येऊन बसला, आणि महिनाभर आलेल्या एकाही पाहुण्याची वाटली नव्हती एवढी भीती तिला त्याची वाटली.

नर्सबाईंनी पाणी आणलं. आतल्या दारात त्यांची मुलगी उभी होती. ती म्हणाली, "आमच्याकडे टीव्ही नव्हताच कधी."

नर्सबाईंनी डोळे मिटले. मग मुलीला आत पाठवलं आणि समोर बसल्या.

"तुम्हीच आहात ना, ताई?"

"मी आपली मापं घ्यायला..."

"मी दिवसाला पन्नास माणसांना सुया टोचते. दुखत नाही म्हणणाऱ्याला कुठे दुखतंय ते मला कळतं. लिहा काय लिहायचं ते." त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "तुमच्याकडे कोण येऊन गेलं?"

"माहीत नाही. सगळेच येऊन गेले."

"मलाही एक घर दिलंय. तुमचं नाही, घाबरू नका. तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. त्यांची म्हातारी मला बघून हसते, या म्हणते. मी घड्याळ बघते, उशीर झाला म्हणते आणि परत येते."

पट्टी पर्समधून बाहेर निघालीच नाही.

घरी आली तर शेजारच्या काकू बसल्या होत्या. ठकीला जन्मल्यापासून मांडीवर घेतलेल्या काकू, ज्यांच्या घरात ते मशीन चादरीखाली झाकून ठेवलं होतं. ठकी कोपऱ्यात उभी होती. आई आलेली बघून तिने पाण्याच्या पेल्याकडे बोट दाखवलं.

"तोंडाने माग की," आई म्हणाली.

ठकीने तिची बाही ओढली, खाली वाकवलं आणि कानात विचारलं, "हि-हिच्यासमोर बोलू?"

दुसऱ्या दिवशी पडदेवाली शाळेच्या कचेरीत गेली. समितीच्या अध्यक्षबाई मृदू बोलणाऱ्या. त्यांनी पत्रक उलटंपालटं करून पाहिलं.

"हे कोरं आहे."

"हो."

"तुम्ही घर बघून आलात ना?"

"आले."

"मग काय दिसलं?"

"भ्यालेली माणसं. त्याला रकाना नाहीये तुमच्याकडे."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, हा नियम तुमच्यासारख्यांच्या भल्यासाठीच केलाय. एकाने लपवलं की दुसऱ्याला भुर्दंड. पत्रक भरलं नाही तर तुमचा वाटा पूर्ण धरावा लागेल."

हेच ते वाक्य, महिनाभर ज्याच्यापासून ती पळत होती. पडदेवालीने खुर्ची ओढली आणि न विचारता बसली.

"माझ्याकडे नवीन मशीन आहे," ती म्हणाली. "हप्त्यांवरचं. घरी या, दाखवते, हप्त्यांचा कागदही दाखवते. समोरून विचारलं असतंत तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. मग काय पूर्ण-अर्धं धरायचं ते धरा."

"तसं नियमात बसत नाही."

"मग दुसरं विचारते. माझी पोर दोन वर्षं मुकी होती. तुमच्या बाईंनी तिला बोलती केली. आता ती घरात येणारं प्रत्येक माणूस बघून मला विचारते, याच्यासमोर बोलू का. काकूंसमोर बोलू का. काल रात्री जेवताना बापाकडे बघितलं आणि गप्प बसली. हे तुमच्या नियमाने केलं आणि माझ्या हाताने केलं. माझं मी बघेन. पण तिला आज संध्याकाळी मी काय सांगू?"

"त्याचा फीशी काही संबंध नाही."

"आहे की नाही ते नंतर ठरवू. मी विचारलं ते सांगा, मॅडम. कोणासमोर बोलायचं तिने? मी बसलेय. उत्तर घेतल्याशिवाय उठणार नाही."