रेड्याच्या डोक्यावरचा रुमाल

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे. रेड्याचा. संतपूरच्या एका घरात, तुरीच्या पोत्यांच्या वर, खुंटीला टांगलेला असतो. माझं एक शिंग उंदरांनी खाल्लं. दुखलं का, असं विचाराल तर नाही. आतून पोकळ असणाऱ्याला फारसं काही दुखत नाही. तरी माझी गोष्ट ऐका.

माझा जन्म पालथ्या घागरीवर झाला. त्याच घरच्या कमलबाई जुने कागद भिजवून, त्यात मेथ्या वाटून आणि चिंचोक्यांची खळ घालून टोपल्या करायच्या. त्याच लगद्यातून त्यांनी मला थापलं. लगद्यात वर्तमानपत्रं होती, निवडणुकीत वाटलेली पत्रकंही होती. मराठी, कन्नड, उर्दू, सगळी. जे पक्ष गावात एका ओट्यावर बसत नाहीत, ते माझ्या गालात गुण्यागोविंदाने नांदतात. उन्हात वाळलो, काळा रंग चढला आणि मी रेडा झालो.

मला करवून घेतलं श्रीवत्सने. हा शेजारचा मुलगा, कडगंचीच्या विद्यापीठात प्राध्यापक आहे. गावच्या जत्रेसाठी त्याने नाटक लिहिलं होतं. गोष्ट साधी. एक रेडा तळ्यात बसून राहतो आणि बाकीची जनावरं काठावर तहानलेली. कुणी ऊठ म्हटलं की तो म्हणतो, "मी बसलोय म्हणून पाणी वर आलंय. उठलो तर तळं खाली जाईल." जनावरं काठावरची खूण बघतात. पाणी खरंच वर आलेलं असतं. मग ती गढूळ पाणी पितात आणि त्याचाच जयजयकार करतात.

तालमीत श्रीवत्स सगळ्यांना बजावायचा, "रेडा म्हणजे अमका माणूस न्हाई. रेडा म्हणजे खुर्ची. ज्यानं त्यानं आपापली ओळखावी." पण मी काही केल्या खुर्चीवाला दिसेना, नुसतं जनावरच दिसायचो, याची त्याला रुखरुख लागली. जत्रेच्या दिवशी सकाळी तो मला घेऊन कमलबाईंकडे आला. "काकू, ह्याच्या डोक्याला एक रुमाल बांधा की. मोठ्या माणसासारखं दिसंल." रुमाल म्हणजे आमच्याकडचा फेटा. कमलबाईंनी पांढरं कापड घेतलं आणि गप्पा मारता मारता बांधून टाकलं.

घोटाळा झाला तो इथे. कमलबाईंचे यजमान गुंडेराव, गावाचे अप्पा, सोसायटीचे कायमचे अध्यक्ष. मोटारसायकलवरून पडल्यापासून त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे, म्हणून रोज सकाळी कमलबाईच त्यांना रुमाल बांधत. अप्पांचा डावा कान लहानपणी बैलाच्या शिंगाने फाटलेला. तो झाकायला एक पदर कानावरून खाली ओढलेला असायचा. असा रुमाल साऱ्या तालुक्यात दुसरा नव्हता, आणि कमलबाईंना दुसऱ्या तऱ्हेचा बांधताच येत नव्हता. माझा डावा कान चांगला धडधाकट होता. तोही त्यांनी झाकला.

संध्याकाळी रेड्याचं काम करणारा ईरण्णा मला डोक्यावर चढवून स्टेजवर आला. तो अजून एक शब्दही बोलला नव्हता, तोच लोक हसायला लागले. पुढच्या रांगेत अप्पा बसले होते, सत्काराची शाल पांघरून. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मागे वळून लोकांकडे. मग त्यांचा डावा हात हळूच कानाकडे गेला. मागून कुणीतरी ओरडलं, "अप्पा, उठा की आता! पानी पिऊ द्या!" टाळ्या थांबेनात. इतकं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही. मला आनंद झाला नाही आणि वाईटही वाटलं नाही.

नाटक फोनवरून गावोगाव फिरलं. कमठाण्याच्या लोकांना त्यात कमठाण्याचा कुणी दिसला, उदगीरकडच्यांना त्यांच्याकडचा. श्रीवत्सचं म्हणणं सगळीकडे खरं ठरलं. फक्त संतपुरात रेडा म्हणजे एकच माणूस होऊन बसला.

श्रीवत्स मला परत द्यायला घरी आला आणि हात जोडून म्हणाला, "अप्पा, ते निस्तं प्रतीक होतं. मनाला लावून घेऊ नका."

"प्रतीकाला बघून हसले असते तर मीबी हसलो असतो," अप्पा म्हणाले. "लोकं माझ्याकडं बघून हसायलते."

त्यानंतर अप्पांनी सोसायटीत जाणं सोडलं आणि रुमालही सोडला. सकाळी कमलबाई कापड घेऊन यायच्या, ते म्हणायचे, "राहू दे." फाटका कान उघडा टाकून ते दिवसभर ओसरीवर बसत. चहा समोर यायचा आणि निवून जायचा. रागावले असते, भांडले असते, तर घरात काहीतरी हललं असतं. पण माझ्यात आणि त्यांच्यात फारसा फरक उरला नव्हता.

एका दुपारी त्यांनी मला खुंटीवरून काढून मांडीवर घेतलं. कमलबाई समोर तूर निवडत होत्या.

"खरं सांग. हे बांधताना तुला मीच दिसलो का?"

"न्हाई. हाताला सवय हाय, हातानं बांधलं."

"आन् नाटक बघताना?"

कमलबाईंनी सूप खाली ठेवलं. "बघताना दिसलात."

"हसलीस?"

"हसले."

"कामून?"

"तुमचा हात वर जाईना, म्हून मी बांधायलते. पर मान तर चांगली हाय न्हवं? ती एक दिस खाली केली न्हाईत. गुडघे दुखायलेत माझे, तरी रोज पाटावर चढून रुमाल बांधला."

"मग बोलली कामून न्हाईस?"

"इचारलात कधी?"

अप्पांनी मला पुन्हा खुंटीला अडकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कमलबाई कापड घेऊन आल्या नाहीत. अप्पा उघड्या डोक्याने, ताठ बसून दाराकडे बघत राहिले. ऊन ओसरीवर आलं, तेव्हा त्यांनी हळूहळू मान खाली केली. पण बांधायला समोर कुणी नव्हतं.

मित्रांनो, जुने मुखवटे जपून ठेवा. कागदाचा जीव, त्याला ओल सोसत नाही. पण माझं मागणं याहून वेगळं आहे. आपण कुणाच्या तळ्यात बसून आहोत हे जत्रेत चारचौघांपुढे कळायची वाट बघू नका. रोज जे माणूस मुकाट्याने आपलं करतं, त्याला आज घरी गेल्यावर एवढंच विचारा, "तुला त्रास होतो का?" आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.