जावयाची पिशवी

गोळ्या खडखडू नयेत म्हणून बाटलीत कोंबलेला कापूस.

नव्या इंद्रायणी तांदळाचा वास.

अर्धवट फवारणीतून वाचलेली कीड.

जावई दारात आला की सासूने त्याच्या हातातली पिशवी घ्यायची, रिकामी करायची आणि निघताना तांदळाने भरून द्यायची. विंझरच्या सगुणाबाईंच्या घरची ही रीत.

"ताई, पण मी तर अजून एकबी गोळी घेतली न्हाई!" शेफाली म्हणाली.

उपचार केंद्रात ती, तिची आई सगुणाबाई आणि नवरा पप्पू बसले होते. पप्पू भोंगवलीचा, टेम्पो चालवतो. नवरा-बायको दोघांनाही एचआयव्ही निघाला होता.

"म्हणूनच विचारतेय, तुझ्या आधी कुणी घेतल्या होत्या," समुपदेशक मधुवंतीताई म्हणाल्या. "तुझ्या रक्तातला विषाणू तपासला. एका औषधाला तो आधीच दाद देत नाही. सगुणाबाई, भातावर औषध अर्धंच मारलं तर?"

"कीड चिवट व्हती. मंग मरता मरत न्हाई."

"हाही तसाच. प्रत्येक पिढीत थोडा बदलतो. कुणीतरी गोळ्या घेतल्या, मध्येच सोडल्या. त्या अंगात तो चिवट झाला आणि तसाच हिच्यात आला. कुठल्या गोळ्या ते कळलं, तर हिचं औषध नीट निवडता येईल."

सगुणाबाई लेकीकडे वळल्या. "खरं सांग गं, कुठं शेण खाल्लंस? सोन्यासारख्या जावईबापूंनाबी डाग लावलास!"

शेफाली पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

पप्पू फरशीकडे बघत होता. फरशीवर काही नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "तिला नका बोलू."

"तुमी गप बसा, जावईबापू. तुमचा काय दोष?"

"माझाच हाय! मला आधीच ठावं व्हतं. लांबच्या केंद्रातनं गोळ्या आणायचो, टेम्पोत लपवायचो. तुमच्याकडं भातलावणीला आलो, जत्रंला आलो, की बाटली घरीच ठेवायचो. आठ-आठ दिवस खाडा. तुमी पिशवी रिकामी करता ना... बाटली दिसंल म्हणून."

सगुणाबाईंचा हात तोंडावर गेला. शेफालीने नवऱ्याकडे पाहिलं.

"आत्ता आई मला बोलली, ते ऐकत बसला व्हतात तुमी," ती म्हणाली. एवढंच.

पप्पूने खिशातून बाटली काढली. कापूस उपसून टेबलावर ठेवला. मधुवंतीताईंनी बाटलीवरचं नाव वाचलं. "शेफाली, तुझ्यासाठी दुसरी औषधं आहेत. पण रोज घ्यायची. आणि पप्पू, तुम्हीही, तिच्यासमोर."

मंडळी, आजार होण्यात कसली लाज? लाज आहे ती आजार लपवून आपल्या माणसाला देण्याची, आणि त्याचा ठपका बायकोवर पडताना फरशीकडे बघत बसण्याची! औषध उघड्यावर घ्या. खाडा करू नका.

दिवाळीला सगुणाबाईंनी दारात जावयाची पिशवी घेतली, बाटली काढली आणि देवळीत, दिव्याशेजारी ठेवली.

त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. बाटली तेव्हा दिसली असती, तरी तिच्यावरचं नाव त्यांना वाचता आलंच नसतं.