माहितीदार क्रमांक सात

भारताची आणि जर्मनीची उद्योगांची यादी सुकन्या अगदी कोळून प्यायली होती. देशात कोण काय करतं ते मोजायचं तर प्रत्येक कामाला सरकारदरबारी एक खाना लागतो. कुठलं काम कुठल्या देशात कुठल्या खान्यात बसतं, यावर तिची पीएचडी चालली होती. आज हिंगोलीच्या कॉलेजात तिचं भाषण होतं, आणि विश्वंभर सरांनी, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांनी, पुण्याहून एक मोठे प्राध्यापक बोलावले होते.

बोलता बोलता ती आपल्या लाडक्या प्रश्नावर आली. पीक निघालं की शेतकरी मेंढपाळाला बोलावतो. मेंढ्या चार रात्री शेतात बसतात, जमिनीला खत मिळतं, मेंढपाळाला ज्वारी मिळते. मग हे काम मेंढीपालनाच्या खान्यात घालायचं, की शेतीला दिलेल्या सेवेच्या? दोन्ही देशांच्या याद्या पुढ्यात घेऊनही तिचं ठरत नव्हतं. पडद्यावर अक्षरं होती : माहितीदार क्रमांक सात, मेंढपाळ, कळमनुरी तालुका.

हा क्रमांक सात म्हणजे तिचा बाप, लिंबाजी. वर्षभर तिनं त्याला फोनवर खोदून खोदून विचारलं होतं, आणि तोही मेंढरांच्या गलक्यातून हौसेनं सांगत राहिला होता. सरांनी मात्र एकदा वडील काय करतात विचारलं, तेव्हा बाईसाहेबांनी 'बिझनेस' असं मोघम सांगून वेळ मारून नेली होती. दोन देशांच्या कामांना खाने शोधणारीला बापासाठी तेवढा एक खाना सापडला नव्हता.

"हा माणूस तुम्हाला मिळाला कुठे?" पाहुण्यांनी विचारलं.

उत्तर द्यायला तिनं मान वर केली. शेवटच्या रांगेत, खांद्यावर घोंगडं घेऊन लिंबाजी बसला होता. भाषण आहे एवढंच तिनं सांगितलं होतं, यायला म्हटलं नव्हतं.

"वारंगा फाट्यावर," ती म्हणाली. "सहज भेटले एकदा."

पाहुण्यांचं लक्ष घोंगड्याकडे गेलं. "बाबा, तुम्ही मेंढपाळ ना? या सांगतात ते खरं आहे?"

लिंबाजी उठला. आता हा 'माझं लेकरू हाय' म्हणणार, या धास्तीनं तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

"व्हय जी," तो म्हणाला. "म्याडम सांगून राहिल्या ते बराबर हाय. त्यो मीच. फाट्यावरच भेटलो व्हतो. लई इचारपूस केली त्यांनी, च्या बी पाजला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. न पाजलेल्या त्या चहानं सुकन्याचे कान तापले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

भाषण संपताच ती फाटकाकडे धावली.

"बा, असं काहून केलं?"

"तू म्हणली भेटलो, म्हून भेटलो. मोठ्या लोकांत तुही फजिती कशाला?"

तेवढ्यात मागून विश्वंभर सर पाहुण्यांना घेऊन आले. या खेपेला तिनं मनाचा हिय्या केला.

"सर, हे माझे वडील. मेंढरं राखतात."

दोघेही चकित होऊन लिंबाजीकडे पाहू लागले. त्यानं घोंगडं खांद्यावरून काढून छातीशी धरलं आणि मान खाली घातली. मोठ्या माणसांपुढे तो खोटा पडला होता.

"चुकलं जी," तो पुटपुटला. "फाट्यावर न्हाई भेटलो आमी."