घोरणं थांबलं की

घोरणं थांबलं, तशी तिच्या हातातली इस्त्रीही थांबली.

रविवारची दुपार होती. भिंतीलगतच्या खाटेवर नवरा उताणा पसरला होता. छाती वर यायची धडपड करत होती, पण हवा काही आत जाईना. ती टक लावून बघत राहिली. एकदाची त्याच्या घशातून घरघर उठली आणि तो धापा टाकत उठून बसला.

"काय करपतंय?"

"शेजारच्या मास्तरांचा सदरा," इस्त्री झटकन उचलत ती म्हणाली. "अहो, तुमचा श्वास बंद पडला होता."

"बंद पडला असता तर सदऱ्याची चौकशी कोणी केली असती?" तो हसला आणि कूस बदलून पुन्हा घोरायला लागला.

त्याच्या घोरण्याची घरात आयुष्यभर थट्टाच झाली. मधेच आवाज थांबला की तिला हायसं वाटायचं. झाला बाबा शांत, म्हणून तीही झोपून जायची.

यंदा त्याच्या हृदयाचे ठोके अडखळायला लागले. इस्पितळात विजेचा झटका देऊन ते ताळ्यावर आणले, तरी काही महिन्यांत पुन्हा तेच. डॉक्टरीणबाईंनी तेव्हा विचारलं होतं, "झोपेत घोरता का? श्वास अडकतो?"

"छे हो! लहान मुलासारखा झोपतो," तो म्हणाला.

ती शेजारी बसून फरशीकडे बघत राहिली. तो कारखान्यात क्रेन चालवायचा. उंचावरच्या केबिनमधून लोखंडाचे गठ्ठे असे अलगद ठेवायचा की सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तिथं तोंड उघडलं असतंस, तर क्रेन काढून घेतली असती, उद्यापासून मी फाटकावर राखणीला बसलो असतो."

त्या रविवारी संध्याकाळी तिचा धाकटा भाऊ आला. तो त्याच क्रेनखाली माल बांधायचा.

"ताई, भाऊजींना बरं नाही का गं? काल गठ्ठा हवेत लटकत ठेवून गप्पच बसले. शिट्ट्या मारल्या, हाका मारल्या, तेव्हा कुठं दचकून हलले."

"आणि तू कुठं होतास?"

"खालीच की!" तो हसून म्हणाला.

एकाची क्रेन वाचवायला गप्प बसले, आता नवरा आणि भाऊ दोघेही जातील, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली. "ते खोटं बोलले. मीही गप्प बसले."

बाई रागावल्या नाहीत. "झोपेत त्यांचा घसा मिटतो, श्वास अडतो. दर वेळी हृदयावर ताण येतो. आम्ही ठोके सरळ करायचे आणि झोपेनं ते पुन्हा बिघडवायचे, असं चाललंय."

"मग ते शांत व्हायचे, तेव्हा..."

"तेव्हा ते श्वास घेत नसतील."

इतकी वर्षं आपण त्या शांततेत सुखानं झोपलो होतो.

तपासणी झाली, झोपताना लावायचं श्वासाचं यंत्र घरी आलं आणि क्रेन गेली. तो खरंच फाटकावर बसू लागला. तिच्याशी बोलणं त्यानं टाकलं. यंत्राचं खोकं कपाटावर तसंच पडून होतं. ती विनवण्याही करेना, चिडून फेकून दिलं तर काय घ्या! तो झोपला की ती त्याच्या तोंडाशी कान लावून बसायची. आपला डोळा लागला आणि तेवढ्यात काही झालं तर, या धास्तीनं ती अर्धी झाली.

एका पहाटे त्याला जाग आली, तेव्हा ती तशीच कान लावून बसली होती. त्या दुपारी त्यानं स्वतःच खोकं खाली काढलं. तिच्याकडे पाठ करून तो खाटेच्या कडेला बसला. मास्क नाकावर धरला, पण डोक्यामागचा पट्टा काही केल्या लागेना. दोन-तीनदा खटपट करून त्यानं हात खाली सोडले आणि मान वाकवून तसाच बसून राहिला.

ती हातातलं काम टाकून मागे जाऊन उभी राहिली. त्याच्या मानेवरचे पांढरे केस बाजूला सारून तिनं पट्टा लावला.

"बसला का नीट?"

मागे न बघता तो म्हणाला, "जरा घट्ट कर."