सासूबाईंचं मत

तिने सासूच्या मृत्यूचा दाखला टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात काही उचलला नाही.

"द्या इकडे," मतदारयादी घेऊन बसलेला कारकून म्हणाला. तो त्यांच्याच गल्लीतला. महिन्यापूर्वी म्हातारीच्या अंत्ययात्रेला आला होता. "एक रेघ मारली की झालं."

बायकांचं हे पहिलंच मतदान. त्यासाठी सासू वीस वर्षं मोर्चे काढत फिरली, दोनदा तुरुंगात गेली, पाय मोडून घेतला, आणि मत पदरात पडलं तेव्हा स्वतःच राहिली नाही. सुनेचं वय बसत नव्हतं. बायकांना तिशीची अट होती. "तोवर माझ्या एका मतातच दोघींचं समज," असं सासू डोळे मिचकावून म्हणायची. आज सकाळी नवऱ्याने दाखला हातात दिला होता. आईचं नाव कापून ये, नाहीतर कोणीतरी त्यावर खोटं मत टाकेल, म्हणाला.

त्याचं खोटं नव्हतं. पण रांगेत उभं राहिल्यापासून सासूचा तो लंगडा पाय फरशीवर घासत मागून येताना तिला ऐकू येत होता. दोनदा तिने वळून पाहिलं. मागे एक धोबीण होती, दोन्ही पायांनी धडधाकट.

"वारल्या, एवढं तोंडाने म्हणा. नियम आहे."

"यायच्या आहेत," ती म्हणाली.

कारकुनाने लाल पेन्सिल कानावर खोचली.

"पाचला दार बंद होतं," तो हळूच म्हणाला.

ती भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसली. शेजारची जागा तिने हाताने पुसली. दिवसभर तिथे कोणी बसलं नाही. म्हातारी येईल याची तिला भीती वाटत होती, आणि येणार नाही याचीही.

पाचला कारकून टेबलामागून उठून तिच्यापाशी आला.

"कशाला एवढं जिवाला लावून घेता? लेकीने केली नसती इतकी सेवा केलीत तुम्ही."

"पोलीस मागे लागले, तेव्हा त्या धावत घरीच आल्या होत्या," ती म्हणाली. "दार ठोठावत राहिल्या. मी घाबरले, आतून कडी घातली. पोलिसांनी पाय आमच्याच पायरीवर मोडला."

"तुम्ही आत आहात, हे त्यांना ठाऊक होतं?"

"मलाच हाका मारत होत्या." ती म्हणाली. "पुढे कधी चकार शब्द काढला नाही. शेवटपर्यंत माझ्याच खांद्याला धरून चालल्या."