दोरीवरच्या फ्रॉकांनी निवडलेलं घर

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे हं, मापं घेणारी. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या गळ्यात जी पिवळी पट्टी लोंबत असते ना, तीच मी. माझ्या दोन्ही टोकांना पितळी पत्रा आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा बरोबर साठ इंच होते, आता साडेसाठ भरते. माणसं म्हातारपणी आखडतात, टेपा म्हातारपणी लांबतात. चालायचंच!

कारखान्यातून मी एका दुकानात आले. तिथे बटणांच्या आणि रिळांच्या गर्दीत बरेच दिवस गुंडाळून पडले होते. एके दिवशी शिवण शिकायला नुकतीच लागलेली एक मुलगी आली. तिने मला उचललं, गळ्यात घातलं आणि दुकानाच्या आरशात स्वतःकडे असं काही पाहिलं, की मला वाटलं, मी टेप नाहीच, दागिना आहे. ती मुलगी म्हणजेच आमची बाई.

मित्रांनो, त्यानंतर मी किती माणसं मोजली, सांगू? लग्नाच्या नवऱ्या मोजल्या, रुसलेले नवरदेव मोजले. माप देताना पोट आत ओढून धरणारे तर पैशाला पासरी. बाई त्यांना म्हणायची, "श्वास सोडा हो. कापडापुढे नाटक चालत नाही, शिवण उसवते." मग ते हसायचे आणि माझा वेढा दोन इंचांनी वाढायचा.

पुढे बाईचं लग्न झालं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याच्या कमरेला एक स्टीलची टेप असे. ओढली की सळसळत बाहेर, सोडली की खाट्कन आत. फार तोरा होता तिला. पण ती भिंती मोजायची आणि मी माणसं, त्यामुळे आमचं कधी भांडण झालं नाही.

त्यांचं बिऱ्हाड एका वह्यापुस्तकांच्या दुकानावर होतं. खोली एक, आणि तिच्या कुशीत अर्धी. खिडकीशी शिलाई मशीन, मशीनशेजारी कापड कापायचं टेबल, आणि टेबलाखाली थोरलीचं अंथरूण. थोरली म्हणजे आठ वर्षांची लेक. तिच्या पाठचा धाकटा तीन वर्षांचा. आणि आता तिसऱ्याची चाहूल लागली होती. मी बाईच्या पोटावरून रोज एकदा फिरायचे आणि रोज थोडी कमी पडायचे.

"अहो," एकदा बाई नवऱ्याला म्हणाली, "अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं. पण आपल्याकडे पाय दहा होणार आणि अंथरूण तेवढंच!"

तेव्हा ठरलं, की शहराच्या कडेला, जरा मोकळं घर बघायचं.

सगळे खूश झाले. एक थोरली तेवढी टेबलाखालून बाहेर येईना. त्या इमारतीच्या जिन्यावर तिच्या चार मैत्रिणी होत्या. चौघींचा आणि तिचा मिळून तो जिना होता म्हणा ना! शाळा सुटली की पायऱ्यांवर असा काही चिवचिवाट चाले, की खालचा दुकानदार वरून वह्या पडाव्यात तसा दचकायचा.

"तिकडे माझ्याएवढं कोण असेल?" टेबलाखालून प्रश्न आला.

बाईने वाकून आत पाहिलं. मी तिच्या गळ्यातून खाली लोंबले आणि थोरलीने माझं टोक मुठीत धरलं. बाई म्हणाली, "तुझ्या मापाची मैत्रीण असेल, तिथेच घर घेऊ. मी शब्द देते."

मित्रांनो, मी साक्षीला होते. त्या मुठीची पकड अजून माझ्या पितळी टोकाला आठवते.

मग दर सुट्टीला घरं बघणं सुरू झालं. दलाल पुढे, त्याच्यामागे ही चौघं. नवरा स्टीलची टेप घेऊन भिंती मोजायचा आणि बाई मला घेऊन खिडक्यांची उंची बघायची, मुलं वाकली तर पडतील का म्हणून. एक दलाल हसून म्हणाला, "ताई, घराला झबलं शिवताय की काय?"

"शिवीन की," बाई म्हणाली, "आधी बाळसं तर दिसू दे घरावर!"

नवऱ्याचा एकच हट्ट होता. घर तळमजल्यावर हवं. लोक म्हणत, अहो, तुम्ही तर लिफ्टवाले! तो म्हणे, "म्हणूनच."

बाईची पारख मात्र वेगळी होती. ती घराच्या आत शिरण्याआधी मागच्या बाजूला जाऊन वाळत घातलेले कपडे बघायची. पंधरा वर्षं दुसऱ्यांचे कपडे हाताळलेली बाई ती! दोरी वाचायची, जसं तुम्ही धडा वाचता. पहिल्या वसाहतीत सगळ्या दोऱ्यांवर पुरुषी शर्ट आणि विजारी होत्या. "इथे कामावरची एकटी माणसं राहतात," बाई म्हणाली. "रविवारी झोपणारी. पोरांचा आवाज झाला की खेकसणारी." दुसऱ्या ठिकाणी मोठे बंगले होते, पण एकही कपडा कुठे वाळत नव्हता. बाईच्या अंगावर काटाच आला. "अहो, इथे माणसं राहतात की पुतळे?"

तिसरी वसाहत बसच्या शेवटच्या थांब्याला होती. बैठी घरं, पुढे छोटं अंगण, मागे मोकळं मैदान. आणि त्या मैदानात, काय सांगू मित्रांनो, या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या, आणि दोऱ्यांवर फ्रॉकच फ्रॉक! निळे, आखूड बाह्यांचे. वाऱ्यावर असे हलत होते, जणू साठ मुली हातात हात घालून उभ्या आहेत. बाई धावतच गेली. तिने मला गळ्यातून काढलं आणि एका फ्रॉकाच्या खांद्यापासून घेरापर्यंत लावलं. सव्वीस इंच. दुसरा सत्तावीस. तिसरा पुन्हा सव्वीस.

"अहो, सगळ्या आपल्या थोरलीएवढ्या!" ती ओरडली.

"अगं, जरा चार माणसांना विचारू," नवरा म्हणाला.

"कपडे खोटं बोलत नाहीत."

मी त्या फ्रॉकाच्या गळ्यापाशी टेकले होते. आतल्या बाजूला लाल दोऱ्याने आकडे शिवले होते. सतरा. अठरा. एकोणीस. ही लाँड्रीची खूण असते, हे बाईला काय माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण मनाला जे हवं असतं ते दिसलं, की डोळे पुढचं बघत नाहीत. आणि मी पडले मुकी. मला आकडे असतात, तोंड नसतं.

घर ठरलं. सामान हललं. जुन्या जिन्यावर चार मुली उभ्या होत्या आणि थोरलीने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मागे पाहिलं असतं तर ती गेलीच नसती.

नव्या घरी चौथ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ हातगाडी घेऊन मैदानात आले आणि दोऱ्यांवरचे फ्रॉक काढून भराभर घड्या घालू लागले. बाई कुंपणाशी गेली.

"काका, हे सगळ्यांचे कपडे तुम्ही का काढताय?"

"सगळ्यांचे कुठले? एका शाळेचे आहेत. त्या टेकडीपलीकडे मुलींचं वसतिगृह आहे ना, तिथले. माझी लाँड्री आहे. इथे ऊन मोकळं मिळतं, म्हणून इथे वाळत घालतो."

"मग इथल्या मुली?"

लाँड्रीकाका हसले. "इथे कुठल्या मुली, ताई? इथे सगळी निवृत्त मंडळी. त्यांची पोरं मोठी होऊन कधीच उडाली. तुमचंच बिऱ्हाड काय ते लहान पोरांचं. बरं वाटलं बघा, घरात रडण्याबिडण्याचा आवाज आला."

बाई तिथेच दगडावर बसली. दारात थोरली उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही, आदळआपट केली नाही. एवढंच म्हणाली, "तू शब्द दिला होतास." आणि आत गेली.

नवरा संध्याकाळी म्हणाला, "परत जाऊ या का?" पण जुन्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं होतं. आणि बाईचे दिवस भरत आले होते.

मित्रांनो, त्यानंतरचे महिने मी खुंटीवर काढले. नव्या वस्तीला बाईचा हात माहीत नव्हता. गिऱ्हाईक येईना. माझ्यावर धूळ बसली. पण खुंटी खिडकीशेजारी होती, म्हणून मला मैदान दिसायचं. रोज दुपारी बसने लांबच्या शाळेतून आली, की थोरली त्या फ्रॉकांमध्ये जायची. आधी नुसतीच उभी राहायची. मग त्यांच्यातून पळायला लागली. मग लपाछपी. पंचवीसवर राज्य, चाळीस लबाड, बारा रडूबाई. आणि सतरा नंबर सगळ्यात लाडकी. सतराची बाही हातात धरून ती बोलत बसायची. बाई मशीनवर बाळाची दुपटी शिवत असे. शिवताना ती स्वतःशीच गुणगुणे,

"दोरा सुईत ओवते, घर दूर मांडते,
लेकीच्या गं पावलाला सवंगडी शोधते."

पण ते दृश्य दिसलं, की ओळ अर्ध्यावर तुटायची.

तिसरं बाळ आलं. मुलगी. मी तिला मोजलं, एकोणीस इंच. घरात आनंद झाला, धाकटा तर आपण दादा झालो म्हणून शर्टाची बटणं उघडी टाकून फिरायला लागला. थोरली बाळाला मांडीवर घ्यायची आणि म्हणायची, "लवकर मोठी हो गं." ते ऐकून बाई बोटांवर वर्षं मोजायची. किती लवकर झाली, तरी आठ वर्षं लागणारच ना?

एके दिवशी थोरलीने वहीचं पान फाडलं, काहीतरी लिहिलं आणि सतराच्या खिशात घडी करून ठेवलं. लाँड्रीकाकांचा एक नेम होता. कपडे धुण्याआधी सगळे खिसे उलटे करायचे, आणि पेन्सिल, बटण, चिंचोका, जे सापडेल ते त्या त्या नंबरच्या पुडीत बांधून परत द्यायचं. कुणाचं काही हरवलेलं त्यांना खपत नसे. आठ दिवसांनी ते कुंपणाशी आले.

"थोरली कोण इथे? सतराच्या खिशात हे निघालं. वर लिहिलंय, थोरलीला द्या. मी नेम मोडत नाही, पण हे पुडीत बांधून परत कसं देऊ?"

चिठ्ठी तिने धावत घरात आणली आणि मोठ्याने वाचली. 'तू खरी आहेस का? मी खरी आहे. मला घरी जायला अजून पाच महिने आहेत. तू केवढी आहेस?'

थोरलीने खुंटीवरून मला काढलं. कितीतरी दिवसांनी माझ्या अंगाला ऊब लागली! ती भिंतीला टेकून उभी राहिली. बाईने मला टाचेपासून डोक्यापर्यंत लावलं. पन्नास इंच. बाईने तेवढाच लाल दोरा तोडला आणि थोरलीने तो फुलपाखरासारखा गुंडाळून सतराच्या खिशात ठेवला.

पुढच्या आठवड्यात दुसरा दोरा आला. पांढरा. बाईने तो माझ्यावर ताणून धरला. अठ्ठेचाळीस.

"दोन इंच लहान आहे माझ्यापेक्षा," थोरली म्हणाली. तिच्या तोंडावर असं हसू आलं, जे मी जुन्या जिन्यानंतर पाहिलंच नव्हतं.

बाई बराच वेळ तो दोरा बोटांभोवती गुंडाळत राहिली. मग तिने पेटीतून पिवळं फुलाफुलांचं कापड काढलं. नुसत्या उंचीवरून फ्रॉक शिवणं म्हणजे अंधारात सुई ओवणं. पण पंधरा वर्षांचा हात होता. खांदा अंदाजाने, छाती अंदाजाने. घेराला चार बोटं कापड आत दुमडून ठेवलं, वाढत्या अंगासाठी. "जी चूक मी डोळ्यांनी केली," ती पुटपुटली, "ती हातांनी तरी थोडी निस्तरते."

फ्रॉक निळ्या गठ्ठ्यातून टेकडीपलीकडे गेला. एक आठवडा गेला, दुसरा गेला. थोरली रोज कुंपणाशी. तिसऱ्या आठवड्यात लाँड्रीकाका गाडी मैदानातच सोडून आले. हातात पिवळा फ्रॉक होता.

"धुण्याआधी दाखवायला आणला," ते म्हणाले. "माफ करा, फार मळलाय."

घेराला चिखल होता, खिशाला शाई, एका बाहीवर कसलं तरी हिरवं. बाईने उलटसुलट करून पाहिला. बगलेत शिवण कुठे ताणली नव्हती. बसला होता, अगदी अंगाबरोबर!

थोरलीने तो मळका फ्रॉक ओढून घेतला आणि त्यात तोंड खुपसलं. "आई, ती खूप खेळलीय यात!" ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्या घरात रडली. बाईही रडली. लाँड्रीकाका म्हणाले, "आता तरी द्या धुवायला, की असाच ठेवू?" तेव्हा दोघी रडता रडता हसल्या.

मित्रांनो, मी आता फार जुनी झाले आहे. माझे आकडे पुसट झालेत. मला उन्हात टाकू नका, माझी गाठ मारू नका, मला खेळायला घेऊन ओढू नका, एवढं तर मी मागतेच. पण त्याहून मोठं एक मागणं आहे. तुमच्या घरचे लोक नवं घर बघायला निघाले, तर खोल्या मोजा, रस्ते बघा, पण दोन दारंही वाजवा. आणि तुमच्या गल्लीत कुणाचं नवं बिऱ्हाड उतरलं, तर सामान लागेपर्यंत थांबू नका. त्या घरातल्या पोराला पाठीला पाठ लावून उभं राहायला सांगा. कोण उंच, यावर जरा भांडा.

दोरे अजून येतात आणि जातात. परवाचा पांढरा दोरा एकोणपन्नास भरला, आणि थोरली आता साडेपन्नास आहे. त्या मुलीच्या सुट्टीला तीन आठवडे उरलेत. जाताना दोन दिवस इथे राहू द्याल का, असं बाईने तिच्या घरच्यांना पत्र लिहिलंय. उत्तर अजून आलेलं नाही. बाईने मला धुऊन, पुसून पुन्हा गळ्यात घातलं आहे. हजारो माणसं मोजली मी, पण वाट अशी कुणाची पाहिली नाही. दोऱ्याचं माप कितीही बरोबर असलं, तरी दोऱ्याला खांदे नसतात.